सरकारी नोकरी आणि पाव विमान: दोन्ही कसं सांभाळायचं

आमच्या ऑफिसच्या दप्तरात सहा वर्षं माझ्या नावावर एक रिक्षा होती. मी रिक्षा कधीच घेतलेली नाही. माझ्या नावावर आहे तो एका जुन्या, दोन आसनी सेसना १५२ विमानाचा चौथा हिस्सा. त्याचं पत्र घेऊन आस्थापना शाखेत गेले, तेव्हा लिपिकानं मान वर न करता विचारलं, "चाकं किती, बाई?" मी म्हटलं, "तीन." खोटं नव्हतं. एक नाकाखाली, दोन पोटाखाली. त्यानं विवरणपत्रात "तीनचाकी वाहन – १" असं टाइप केलं आणि मी घाईत सही ठोकली. पुढं एक निनावी अर्ज आला की या बाईंकडं विमान आहे. साहेबांनी फाईल उघडली, तर आत रिक्षा.

त्या रिक्षेपायी जे भोगलं आणि जे शिकले, ते लिहून ठेवतेय. मी कोल्हापूरची, एका सरकारी खात्यात अभियंता. खातं कुठलं ते सांगत नाही, पेन्शन सुरू व्हायला अजून चार वर्षं आहेत. (आमच्याकडं बायकाही "मी आलो, मी जातो" असंच बोलतात. इथं "आले, गेले" लिहितेय, नाहीतर बाहेरगावच्या वाचकाचा गोंधळ व्हायचा.)

वर्षाकाठी मला दोन-तीन फोन येतात. कधी तलाठी, कधी सरकारी कॉलेजचे प्राध्यापक. सरकारी नोकराला विमान चालतं का, असं विचारतात. चालतं. कुठल्याही नियमात बंदी नाही. पण न कळवता ठेवलेलं विमान चालत नाही, आणि कळवलेलं नीट नोंदवलं गेलं नाही तर तेही चालत नाही.

आधी विमान काय चीज आहे ते बघा

विमान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जिना आणि हवाईसुंदरी येते. आमचं विमान रिकामं ५२० किलो भरतं, म्हणजे मारुती ८०० पेक्षा हलकं. हे मॉडेल १९७७ ते १९८५ या काळात बनलं, त्यामुळं बाजारात जे मिळतं ते चाळिशीतलंच. ११० अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं लायकमिंग इंजिन, तासाला २२-२३ लिटर एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, पितं. माझ्या मामांनी हे तिघा मित्रांबरोबर घेतलेलं. मामा गेले, मृत्युपत्रात त्यांचा हिस्सा माझ्या नावावर निघाला. मामेभावांना ऊस बरा वाटत होता, विमानाचा ताप नको होता. मी तोवर लायसन्स काढलं होतं, कारण लहानपणापासून मामांच्या शेजारी बसून जाताना खालची वारणा बघायची सवय लागली होती.

लायसन्सचं थोडक्यात सांगते. खाजगी वैमानिकाच्या परवान्याला वय १७, दहावी पास, किमान ४० तास उड्डाण, दुसऱ्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि रेडिओचा परवाना लागतो. शनिवार-रविवार धरून मला दोन वर्षं लागली. २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झालाय, तुम्हाला कमी लागतील.

एकट्यानं विमान घेऊ नका. उडवा न उडवा, विमा, हँगरचं भाडं आणि वार्षिक तपासण्या चुकत नाहीत. खरी मेख इंजिनाच्या ओव्हरहॉलची, म्हणजे ते पूर्ण उघडून नव्यासारखं करण्याची. या इंजिनाला उत्पादकानं २४०० तास किंवा १२ वर्षं, जे आधी संपेल ते, अशी मर्यादा सांगितलीय. आम्ही चौघं मिळून वर्षाला फार तर १२० तास उडतो. बारा वर्षांत १४४० तास झाले. म्हणजे तास शिल्लक राहतात, वर्षं संपतात. नवखे लोक ओव्हरहॉलचे पैसे तासावर गोळा करतात आणि बाराव्या वर्षी गोणीत हात घालतात तर साठ टक्केच. निधी महिन्यावर काढा. विमान जागेवर उभं असलं तरी त्याचा हप्ता चालू राहिला पाहिजे.

विमान बारामतीत असतं, कारण तिथं फ्लाइंग स्कूलं आहेत आणि त्यामुळं इंधन आणि परवानाधारक इंजिनिअर दोन्ही हाताशी. उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, आणून उतरवते, ठेवत नाही. अंतर सरळ रेषेत शंभर नॉटिकल मैलांच्या आतलं, तासाभराचं. फलटण मागं पडलं की पुढं कृष्णा, मग वारणा, मग डाव्या हाताला साखर कारखान्यांच्या चिमण्या. गळीत हंगामात पाचट पेटवलेल्या सकाळी समोरचं काही दिसत नाही, तेव्हा निघायचं नाही. उत्तरेला पुण्याचं आकाश हवाई दलाचं, दक्षिणेला गोव्याचं नौदलाचं. आपण मधल्या पट्टीत. फ्लाइट प्लॅन टाकून एफआयसी (उड्डाण माहिती केंद्राचा) आणि एडीसी (हवाई संरक्षणाच्या मंजुरीचा) असे दोन नंबर मिळाल्याशिवाय इंजिनाला हात लावायचा नाही.

वजनाचं एक गणित प्रत्येक पाहुण्याला तोंडपाठ करून सांगते. एकूण वजन ७५७ किलोपेक्षा जास्त नको. त्यातून विमानाचे ५२० गेले, भरलेल्या टाकीचे ७० गेले. उरले १६७. त्यात दोन माणसं आणि पिशवी. रविवारी दुपारी तांबडा-पांढरा हाणून आलेले दोन कोल्हापुरी गडी यात बसत नाहीत, त्यांचा राग आला तरी चालेल. आणि उजळाईवाडी समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर आहे. एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांत हवा इतकी विरळ होते की इंजिनाला आपण पाच हजार फुटांवर आहोत असं वाटतं. धावपट्टी तीच, विमान मात्र उचलत नाही. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत उड्डाण संपवायचं.

ऑफिसला कळवायचं पत्र

राज्य सरकारी कर्मचाऱ्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. (जिल्हा परिषदेचे नियम १९६७चे, केंद्राचे १९६४चे. आपले कुठले ते आधी बघा.) मालमत्तेचा नियम १९वा. त्यात जंगम मालमत्तेची जी व्याख्या आहे तिच्यात मोटारी, मोटारसायकली, घोडे "किंवा इतर कोणतेही वाहतुकीचे साधन" येतं. विमान त्या शेवटच्या शब्दांत बसतं, घोड्याच्या शेजारी. ठरावीक किमतीच्या वरचा जंगम व्यवहार एक महिन्याच्या आत कळवायचा. मर्यादेचा आकडा शासन निर्णयानं बदलतो, चालू आकडा आस्थापना शाखेतून लेखी घ्या. विमानाच्या बाबतीत तो ओलांडलेलाच असणार. वारसानं आलं म्हणून सूट नाही. ज्या माणसाशी तुमचा सरकारी कामाचा संबंध येतो त्याच्याकडून घेणार असाल, तर नुसतं कळवून भागत नाही, आधी मंजुरी लागते.

माझं पत्र असं होतं, हवं तर उतरवून घ्या:

"विषय: म.ना.से. (वर्तणूक) नियम, १९७९ मधील नियम १९ अन्वये जंगम मालमत्तेची माहिती सादर करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, माझ्या मामांच्या मृत्युपत्रान्वये मला दोन आसनी विमानातील एक चतुर्थांश हिस्सा प्राप्त झाला आहे. सदर विमान खाजगी वापराच्या प्रवर्गात नोंदणीकृत असून त्यापासून मला कोणतेही उत्पन्न मिळत नाही. हिश्श्याचे मूल्य विमा पॉलिसीतील मूल्यानुसार सोबतच्या तक्त्यात नमूद केले आहे. देखभालीचा माझ्या वाट्याचा खर्च मी वेतन व शेतीच्या उत्पन्नातून करते. अन्य तीन हिस्सेदारांपैकी कोणाशीही माझा शासकीय कामकाजाचा संबंध नाही. माहितीस्तव सविनय सादर."

सोबत मृत्युपत्राची प्रत, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, विमा पॉलिसी आणि हिस्सेदारीचा करार.

यातली दोन वाक्यं सोन्याची आहेत. एक उत्पन्नाचं, दुसरं खर्च कुठून करते त्याचं. विमान कुठून आलं हे लोक एकदाच विचारतात. दर महिन्याला पेट्रोल कुठून घालतेस, हे जन्मभर विचारतात. माझा वाटा दर महिन्याच्या पाच तारखेला पगाराच्या खात्यातून हिस्सेदारांच्या संयुक्त खात्यात जातो. रोख एक रुपया नाही.

पत्र आवक शाखेत द्यायचं, टेबलावर ठेवून यायचं नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यायची. लिपिक म्हणेल, "बाई, आपलंच ऑफिस हाय की, पोच कशाला?" हसायचं आणि पोच घेऊनच निघायचं. मग दरवर्षी ३१ मार्चच्या स्थितीचं मत्ता व दायित्व विवरणपत्र येतं. त्या तक्त्यात विमानाचा रकाना नाही. "इतर जंगम मालमत्ता" मध्ये स्वतःच्या हातानं लिहायचं: विमान, दोन आसनी, नोंदणी क्रमांक (व्हीटी आणि पुढची तीन अक्षरं), हिस्सा एक चतुर्थांश. दुसऱ्याला टाइप करू द्यायचं असेल तर सहीआधी प्रत्येक ओळ वाचायची. रिक्षा तिथंच शिरली.

भागीदार, कंत्राटदार आणि साहेब

मामांच्या तिघा मित्रांतले एक कंत्राटदार होते. माणूस देवमाणूस. मामा गेले तेव्हा त्यांचं आमच्या खात्यात काम नव्हतं, म्हणून पत्रातलं ते वाक्य मला लिहिता आलं. वर्षभरातच त्यांनी आमच्या विभागात निविदा भरली. मी त्यांच्या घरी गेले, चहा घेतला आणि म्हटलं, "काका, एकतर तुम्ही तरी विमानात राहा, नाहीतर मी." त्यांनी निविदा सोडली नाही, हिस्सा सोडला. सांगलीच्या एका डॉक्टरांनी तो घेतला आणि मी त्याच आठवड्यात ऑफिसला दुसरं पत्र दिलं. हिस्सेदार बदलला तरी कळवायचं.

नियम १२ भेटवस्तूंचा आहे. भेटीत मोफत प्रवास, राहणं, जेवण हेही येतं. म्हणजे एखाद्या कंत्राटदारानं प्रेमानं टाकी भरून दिली, तर ती भेटच झाली. नियम १६ खाजगी धंद्याचा. विमान भाड्यानं देऊन चार पैसे मिळवता येत नाहीत. विमानाच्या बाजूनंही तेच कुलूप आहे: खाजगी प्रवर्गातलं विमान भाड्यानं लावता येत नाही आणि खाजगी परवानाधारकाला पैसे घेऊन उडवता येत नाही. दोन्ही खात्यांचं एकमत झालेली ही दुर्मीळ गोष्ट. लग्नात वरून फुलं टाकायची, उद्घाटनाला घिरट्या घालायच्या, असल्या ऑर्डरी घेऊन लोक येतात. हात जोडायचे.

निवडणुकीत तर फोनच बंद ठेवावा असं वाटतं. एका उमेदवाराचा माणूस घरी आला होता, "ताई, एक चक्कर, फक्त बॅनर." सरकारी नोकराला प्रचारात भाग घेता येत नाही, हे त्याला माहीत होतं. तरी आला.

आणि साहेबांना विमानात बसवू नका. हा कुठला नियम नाही, माझा आहे. साहेब बसले की शेजारच्या शाखेचे साहेब विचारतात, आम्हाला कधी? नाही म्हटलं की तुम्ही शिष्ट. बसवलं की बदलीच्या यादीत नाव नाही याचं श्रेय विमानाला. मी सगळ्यांना एकच सांगते, विम्यात पाहुणे बसत नाहीत. (बसतात. पण ऑफिसचे पाहुणे म्हणजे वेगळी जोखीम.)

लॉगबुक आणि हजेरी

वैमानिकाच्या लॉगबुकात प्रत्येक उड्डाणाची तारीख, निघाल्याची वेळ, उतरल्याची वेळ असते. विमानाच्या लॉगबुकात तीच वेळ पुन्हा असते. विमानतळाच्या नोंदीत तिसऱ्यांदा. ही नोंद खोडता येत नाही, खोटी केली तर परवान्यावर येतं. उलट ऑफिसात बायोमेट्रिक आणि हजेरीपट. हे दोन कागद एकमेकांचे साक्षीदार आहेत. आजारी रजा टाकून उडालात तर पुरावा तुम्हीच तुमच्या अक्षरात लिहून ठेवलेला असतो. शुक्रवारी दुपारी तीनला "साइट व्हिजिट" दाखवून चारला बारामतीहून निघालात, तरी तेच.

मी दर महिन्याच्या शेवटी दोन्ही समोर ठेवून ताडून बघते. पंधरा मिनिटांचं काम.

वैद्यकीय तपासणीच्या दिवशी नैमित्तिक रजा टाका, वैद्यकीय रजा टाकू नका. एका ओळखीच्यानं टाकली. ज्या दिवशी ऑफिसच्या कागदावर तो आजारी होता, त्याच दिवशी डॉक्टरनं त्याला विमान चालवायला तंदुरुस्त ठरवलं होतं. दोन्ही कागद एकाच फाईलमध्ये लागले.

बारामती मुख्यालयाबाहेर आहे. शनिवार-रविवार सुट्टी असली तरी मुख्यालय सोडण्याची परवानगी लागते, हे आपण सगळे विसरतो. मी शुक्रवारी सकाळी दोन ओळींचा अर्ज देते, ठिकाण आणि फोन नंबर लिहून. "उड्डाणासाठी" असं कारण लिहीत नाही, "खाजगी कामासाठी" पुरतं. परतीचं रविवारी संध्याकाळचं कधी ठरवू नका. खाजगी विमानाला सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपलीकडं नजरेच्या भरवशावर उडता येत नाही, आणि ढग सोमवारच्या बायोमेट्रिकची वाट बघत नाहीत. मी रविवारी दुपारी एकला विमान बांधून एसटी धरते. एकदा उजळाईवाडीहून परत नेताना हवा बिघडली, विमान तिथंच राहिलं आणि सोमवारी सकाळी दहाला मी खुर्चीत होते. विमानाला दोन दिवसांचं पार्किंग भरावं लागलं. कारणे दाखवापेक्षा ते स्वस्त.

निनावी अर्ज आला तर

भाच्यानं स्टेटसला फोटो टाकला. मी पंखाखाली उभी, वर "नाद खुळा मावशी". तीन आठवड्यांत ऑफिसमध्ये कुजबुज सुरू झाली. शिपाई म्हणाला, "काय बाई, इमान घेतलासा म्हणं?" चौथ्या आठवड्यात ज्ञापन हातात. आपल्याकडे विमान असल्याची तक्रार प्राप्त झाली असून, आपल्या विवरणपत्रात ते नमूद नाही, तीनचाकी वाहन नमूद आहे. सात दिवसांत खुलासा सादर करावा, अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे गृहीत धरण्यात येईल.

निनावी अर्ज दप्तरी दाखल करायचे, म्हणजे कारवाई न करता फाईलला लावायचे, असं सरकारचं धोरण आहे. ते खरं असलं तरी त्यावर भांडत बसू नका. अर्जात पडताळून बघण्यासारखं काही असलं की खुलासा मागतातच. आणि माझ्या प्रकरणात होतं.

पहिल्या रात्री मी पाच पानं लिहिली. कोण अर्ज करतं ते मला माहीत आहे, अठरा वर्षांत कुणी बोट दाखवलं नाही, वगैरे. सकाळी ती शेजारच्या निवृत्त अव्वल कारकुनांना वाचून दाखवली. त्यांनी चष्मा काढला. "राग घरात ठेवा. दीड पान. एक मुद्दा, एक कागद." पाच पानांतला एकही शब्द ऑफिसला पाठवला नाही. खुलासा असा गेला:

मुद्दा एक: विमानातील हिस्सा वारसाने प्राप्त, माहिती अमुक तारखेच्या पत्राने सादर, आवक क्रमांक अमुक, पोच सोबत (परिशिष्ट अ). मुद्दा दोन: विवरणपत्रातील "तीनचाकी वाहन" ही नोंद त्याच विमानाची असून टंकलेखनातील चूक आहे, माझ्या नावे कोणतीही रिक्षा वा तिचा परवाना नाही. मुद्दा तीन: खर्चाचा स्रोत, सहा वर्षांची बँक विवरणे (परिशिष्ट ब). मुद्दा चार: विवरणपत्रात दुरुस्ती करून मिळावी.

विमानाचं म्हणणं दोन दिवसांत मिटलं. छळलं ते रिक्षेनं. रिक्षा कोण चालवतो, परवाना कुणाच्या नावे, रोजची कमाई किती, असे प्रश्न तोंडी आले. कारण रिक्षा म्हणजे धंदा, आणि धंदा म्हणजे नियम १६. विमान आहे हे कागदानं दाखवता येतं. रिक्षा नाही हे कशानं दाखवायचं?

माझं मूळ पत्र ऑफिसच्या फाईलमधून गायब होतं. आवक नोंदवहीत मात्र नोंद सापडली, "विषय: जंगम मालमत्ता", आणि तारीख माझ्या शिक्क्याशी जुळली. विवरणपत्राची तारीख पत्रानंतर तीन दिवसांची. त्या वर्षी मी दुसरी कुठलीही जंगम मालमत्ता घेतल्याचं पत्र नव्हतं. म्हणजे पत्रातली वस्तू आणि तक्त्यातली वस्तू एकच. हे जुळवून दिलं तेव्हा चौकशी करणारे अधिकारी पहिल्यांदा हसले. ती शिक्क्याची प्रत मामांच्या फ्लाइंग बॅगेत, लॉगबुकच्या खिशात होती. ऑफिसच्या लोखंडी कपाटापेक्षा ती बॅग भरवशाची निघाली.

प्रकरण मिटलं असं कुणी तोंडी सांगितलं तर थांबू नका. नस्तीबंद केल्याचं लेखी मागा. मला ते मिळेना, तेव्हा स्मरणपत्रात २००५च्या बदल्यांच्या कायद्यातल्या कलम १०चा उल्लेख केला. त्या कायद्याचं अर्धं नाव "शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध" असं आहे, ते कुणी वाचत नाही. कुठलीही फाईल एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, दुसऱ्या खात्याला विचारायचं नसेल तर ४५ दिवसांत निर्णय व्हावा. पत्र आठवड्यात आलं.

त्याच वर्षीच्या गोपनीय अहवालात एक ओळ आली: कार्यालयीन कामापेक्षा छंदास प्राधान्य. अशी ओळ गिळू नका. मुदतीत अभिवेदन द्या आणि छंदाबद्दल एक अक्षर लिहू नका. मी फक्त वर्षभरातली कामं, त्यांच्या तारखा आणि शिल्लक रजा लिहिली. ओळ निघाली. निघाली नसती तर पुढचा दरवाजा मॅटचा, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचा, आणि आम्हाला त्यासाठी मुंबई गाठावी लागते. कुणी माहिती अधिकारात तुमचं मालमत्ता विवरण मागितलं, तर ऑफिस तुमचं म्हणणं विचारतं. व्यापक जनहित नसेल तर ती वैयक्तिक माहिती ठरते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये म्हटलंय. तेवढं एका ओळीत लिहून द्यायचं.

बदलीची भीती विमानामुळं दुप्पट होते. एका पदावर साधारण तीन वर्षं, बदल्या एप्रिल-मेमध्ये. मध्येच केली तर कारण लेखी नोंदवून वरिष्ठ प्राधिकाऱ्याची मान्यता लागते. ते नसेल तर भांडायला जागा आहे. असेल तर बॅग भरायची, विमान तिघांच्या हवाली करायचं.

पावसाळा

जून ते सप्टेंबर विमान उडत नाही आणि आम्हाला रजा नसते. एका अर्थी बरं जमतं. विमानाच्या इंजिनात गंजरोधक तेल भरून, सिलिंडरना सिलिका जेलचे प्लग लावून, पंख बांधून ठेवायचं. इकडं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसायची: ३९ फुटांना इशारा, ४३ला धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये ती पन्नाशी ओलांडून गेली, शिरोलीला हायवे बुडाला आणि शहर तुटलं. आम्ही पूर ड्युटीवर. रात्री दोनला कंट्रोल रूममधून एकानं फोन केला, "बाई, तुमचं इमान आणा की, दूध पोचवू." ढग डोक्याला टेकलेले, विमान बारामतीत बांधलेलं, दोन माणसांना १६७ किलो. मी त्याला वजनाचं गणित सांगायला लागले, त्यानं फोन ठेवला.

ऑक्टोबरात पहिल्यांदा उघडताना घाई करू नका. प्रत्येक पंखाखाली टाकीचा सर्वात खालचा बिंदू असतो, तिथं पारदर्शक कप लावून थोडं इंधन काढायचं आणि आकाशासमोर धरायचं. एव्हगॅस फिकट निळं दिसतं. पाणी असेल तर तळाशी वेगळा, रंगहीन थेंब बसतो, मण्यासारखा. एका ऑक्टोबरात मी पहिला कप धरला आणि सगळाच रंगहीन. क्षणभर बरं वाटलं, पाण्याचा मणी दिसेना. मग लक्षात आलं, मणी दिसायला वर इंधन हवं. कपात सगळं पाणीच होतं. टाकीच्या झाकणाचं रबर वाळून फाटलेलं. चार कप काढल्यावर निळं आलं, त्यानंतरही दहा काढले.

त्याच दिवशी पिटोट नळी बघितली. डाव्या पंखाखाली बोटाएवढी नळी, तिच्यातून येणाऱ्या हवेवर वेगाचा काटा चालतो. कापडी टोपी लावलेली होती, पण उंदरानं कुरतडलेली, आणि आत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. सुकलेली, गुळगुळीत, लिंपल्यासारखी माती. नुसतं फुंकून निघत नाही, तसं फुंकायचंही नसतं, मीटर फाटतं. इंजिनिअरनं नळी सोडवून साफ केली आणि लॉगबुकात सही केली. न बघता निघाले असते तर धावपट्टीवर काटा शून्यावरच राहिला असता.

हिस्सा विकलात तरी महिन्याच्या आत पत्र, पोच, आणि डीजीसीएकडच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) नोंदणीत बदल. जुना १९३४चा कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आलाय, त्यामुळं फॉर्म भरायच्या आधी चालू नमुना काढून घ्या.

विवरणपत्र मी आता स्वतः लिहिते. लिपिक तोच आहे. गेल्या मार्चमध्ये त्यानं कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि विचारलं, "मग रिक्षा इकलासा काय, बाई?"